लस, जंत आणि मामांचे कार्ड

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत फेब्रुवारी महिन्यात आपल्या हॉलमध्ये मी जे बोललो त्याचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघात काही गोष्टी राहून गेल्या होत्या, त्या लिहिताना घातल्या आहेत. वैद्यकीय भाग सी विंगमधील आपल्या डॉक्टर मॅडमनी वाचून दोन ठिकाणी दुरुस्त करून दिला. त्यांचा आभारी आहे.)



व्याख्यानमालेसाठी सचिवांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची कल्पना होती की मी नॉमिनेशन, वारस-नोंद किंवा ज्येष्ठांच्या ठेवी यांवर बोलेन. ते मी याच हॉलमध्ये तीनदा बोललो आहे आणि तरीही निम्म्या सभासदांची नॉमिनेशन्स अजून यायची आहेत, तेव्हा चौथ्यांदा बोलून काही होईल असे वाटत नाही. मी विषय कळवला, पोटातले जंत आणि लसीकरण. सचिवांना वाटले फोनवर ऐकण्यात काही चूक झाली. "काका, रौप्यमहोत्सव आहे," एवढेच ते म्हणाले. मी म्हटलं, माहीत आहे. जेवणाआधी बोलणार नाही, एवढे आश्वासन देतो.

मला डॉक्टरकी येत नाही. मी बी.कॉम., बँकेत अडतीस वर्षे नोकरी, त्यातली अकरा ग्रामीण शाखांमध्ये. पण या विषयाशी माझा एक जुना हिशेब आहे. बँकेत ज्या रकमेचा ताळमेळ लागत नाही ती सस्पेन्स अकाउंटला टाकतात आणि साहेब बदलून गेले तरी ती तिथेच पडून राहते. तशी माझी एक नोंद चाळीस वर्षे पडून होती. ती आज काढतो.

आधी थोडे घरातले. माझ्या पिढीच्या लोकांना रविवार सकाळ म्हणजे काय ते आठवत असेल. एरंडेल. आजी ते कोऱ्या चहात घालून द्यायची आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायची. तान्ह्या बाळाला वावडिंग घालून उकळलेले पाणी. रात्री पोर दात खाऊ लागले की "जंत झालेत" हे निदान घरीच व्हायचे. दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध डॉक्टर मॅडमना मान्य नाही. पण आजीची जंतांबद्दलची धास्ती काही खोटी नव्हती.

आपल्याकडे 'जंत' या एका शब्दात बरेच प्राणी येतात. गोलकृमी हा त्यातला सगळ्यांत माहितीचा. गांडुळासारखा, मादी वीतभराहून मोठी, कधी फूटभर. ती रोज सुमारे २ लाख अंडी घालते. ही अंडी शौचावाटे बाहेर पडतात, उघड्यावरच्या मातीत मिसळतात आणि तिथे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. मग न धुतलेल्या कोथिंबिरीवरून, मुळ्यावरून, पोरांच्या नखांतून पुन्हा तोंडात. आतड्यात अंडे फुटले की अळी रक्तावाटे फुप्फुसात जाते, तिथून घशात येते, गिळली जाते आणि परत आतड्यात येऊन बस्तान मांडते. एवढा प्रवास आमच्या एलटीसीतही कोणी केला नव्हता. दुसरा अंकुशकृमी. हा अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला लटकून रक्त पितो. तिसरा चाबूककृमी. मातीतून पसरणाऱ्या या जंतांची लागण जगात सुमारे १५० कोटी लोकांना आहे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या सरकारने २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला तो त्यासाठीच. साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, दिवस थोडा मागेपुढे होतो. १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना अंगणवाडीत, शाळेत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी देतात, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. चावून खायची.

जंतांनी मूल खुरटते, अंगात रक्त राहत नाही, अभ्यासात मन लागत नाही, हे आपण ऐकलेले असते. पण त्याच मुलाला आपण लस देतो तेव्हा ती लस पुरती लागू पडते का, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. तो यायला हवा होता. १९८५ सालीच यायला हवा होता.

तेव्हा मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत मॅनेजर होतो. वय चौतीस. शाखा म्हणजे भाड्याच्या घरातल्या तीन खोल्या, मी, दोन क्लार्क, एक कॅशियर आणि एक शिपाई. शिपायाला सगळे मामा म्हणायचे, मीही. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठे असतील. हत्तीपायाचा टापू होता तो. गावात रात्री आठ-नऊनंतर आरोग्य खात्याची माणसे कंदील घेऊन यायची आणि बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायची, कारण त्या रोगाचे सूक्ष्म जंतू रक्तात रात्रीच उतरतात. मला पहिल्यांदा तो रात्रीचा प्रकार विनोदच वाटला होता. मामांनी समजावून सांगितले.

त्या वर्षी पावसाळ्यात मामांच्या दोन वर्षांच्या मुलाला ताप आला. तीन-चार दिवसांनी ताप उतरला, पण उजवा पाय उचलेना. तालुक्याला नेले, तिथून चंद्रपूरला. पोलिओ. मामा चार दिवसांनी कामावर आले आणि मी, गावातला शिकलेला माणूस, सर्व स्टाफच्या देखत त्यांना काय म्हणालो ते मला शब्दन्‌शब्द आठवते.

"मामा, सरकार फुकट डोस देतंय, ते पाजायला काय होत होतं तुम्हाला?"

मामा म्हणाले, "साहेब, तीनही डोस पाजले जी. कार्ड आहे माझ्यापाशी."

"कार्ड काय, भरून मिळतं. खरं सांगा."

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर कार्ड आणून ठेवले. तीन तारखा, तीन सह्या. मी ते उलटून पाहिले, परत दिले, आणि मनात म्हटले की सह्या आहेत म्हणजे डोस दिला असे थोडेच आहे. आयआरडीपीच्या म्हशींची कर्जे मंजूर करणारा मी. कागद पूर्ण आणि गोठ्यात म्हैस नाही, हे मी रोज पाहत होतो. त्याच मापाने मी त्या माणसाला मोजले. पुढची दोन वर्षे मी त्या शाखेत होतो. मामांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही. माझी बदली झाली.

आता मधली पस्तीस वर्षे ओलांडतो. नातीला रोटाव्हायरसचे थेंब द्यायला सुनेबरोबर बालरोगतज्ज्ञांकडे गेलो होतो. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असे तीन डोस असतात. मी आपले सहज विचारले, एवढे देऊन खात्री किती? ते म्हणाले, काका, आपल्याकडे साधारण ५५ टक्के. मला धक्काच बसला. पुढे मी स्वतः वाचले. आपल्या देशात तयार झालेल्या रोटाव्हॅक लसीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढूत झाली, एकूण ६,७९९ बाळांवर. गंभीर जुलाबापासून पहिल्या वर्षात ५६ टक्के संरक्षण. रोटाव्हायरसच्या लसी युरोप-अमेरिकेत ८५ टक्क्यांच्या वर काम करतात. आणि ही गोष्ट केवळ आपल्या लसीची नाही. परदेशी कंपन्यांच्या लसीही आफ्रिका-आशियातल्या गरीब वस्त्यांत नेल्या की तिथे त्यांचा आकडा खाली येतो. म्हणजे दोष बाटलीत नाही, लस जिथे जाते तिथे काहीतरी आहे.

मला बँकेच्या भाषेत समजले ते असे. डोस देणे म्हणजे चेक खात्यात भरणे. चेक खरा, सही खरी, स्लिप भरली, शिक्का मारला. पण रक्कम जमा झाली का? ती क्लिअरिंग झाल्यावर. शरीराने लस ओळखून प्रतिपिंडे तयार केली, लढणाऱ्या पेशी तयार केल्या, तर चेक वटला. आपण मोजतो ते भरलेल्या स्लिपा. वटलेले चेक कोणी मोजत नाही.

आता जंत मध्ये कुठे येतात? इथे जरा लक्ष द्या, मीही तीनदा वाचल्यावर समजलो. आपल्या शरीराची पहारेदारी ढोबळमानाने दोन तऱ्हेची असते. विषाणू, क्षयाचे जंतू अशा बारीक शत्रूंसाठी एक, त्यात पेशी शत्रूला गिळतात किंवा लागण झालेली पेशीच मारतात. फूटभर जंताला कोण गिळणार? त्याच्यासाठी दुसरी यंत्रणा. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टात इओसिनोफिल नावाची ओळ असते, त्या पेशी या खात्यातल्या. एका खात्याचा जोर वाढला की दुसऱ्याचा कमी होतो. स्टाफ तोच असतो.

हे झाले साधे. खरी गंमत पुढे आहे. जंताला शरीरात वर्ष-दोन वर्षे राहायचे असते, अंकुशकृमीला त्याहूनही जास्त. तेव्हा तो घरमालकाशी भांडत नाही, त्याला पटवतो. माझ्या एका शाखेत एक जुना थकबाकीदार होता. दर दिवाळीला स्टाफला मिठाईचे पुडे, शिपायाच्या मुलीच्या लग्नात आहेर, मॅनेजर आजारी पडला तर स्वतःची जीप. त्याला नोटीस काढायची म्हटली की सगळ्यांचे हात जड व्हायचे. बरे, एवढ्यावर थांबत नाही. अशा शाखेत हळूहळू एकंदरच 'चालू द्या' असे वातावरण होते, आणि दुसरा कर्जदारही सुटतो. जंत हेच करतात. शरीरात पहाऱ्याला आवर घालणाऱ्या काही पेशी असतात आणि तसे संदेश देणारी द्रव्ये असतात. जंत त्यांना जोर देतात. लस म्हणजे काय, तर चोराचा फोटो असलेले परिपत्रक. ते नेमके अशा शाखेत येऊन पडते. कोणीतरी बघते, ड्रॉवरमध्ये ठेवते. पुढे खरा चोर आला की फोटो सापडत नाही.

हे नुसते माझे रूपक नव्हे, तपासलेले आहे. इक्वाडोरमध्ये गोलकृमी असलेल्या मुलांना कॉलऱ्याची तोंडी लस देण्याआधी काहींना अल्बेंडाझोल दिले, काहींना दिले नाही. ज्यांचे जंत पाडले होते त्यांच्यात लसीला प्रतिसाद चांगला आला. ही गोष्ट २००० सालची. इथिओपियात बीसीजीचे तसेच पाहिले. जंत असलेल्या माणसांत बीसीजीनंतरचा प्रतिसाद दुबळा, आणि त्यांच्या रक्तात आवर घालणारे ते द्रव्य जास्त. ब्राझीलमध्ये गोगलगायींच्या पाण्यातून होणाऱ्या एका कृमिरोगाच्या रुग्णांत धनुर्वाताच्या लसीला पेशींचा प्रतिसाद कमी आढळला. आणि हत्तीपायाच्या जंतूंबद्दल तसेच निष्कर्ष आपल्या दक्षिण भारतातल्या संशोधकांना मिळाले. ते वाचताना मला रात्रीचे कंदील दिसत होते. हिवतापाचा परजीवी जंतांपेक्षा फार वेगळा, पण त्याचेही तेच. ब्रायन ग्रीनवूड नावाचे डॉक्टर १९७० च्या दशकात नायजेरियात होते. मुलाला ताजा हिवताप असताना धनुर्वाताची किंवा मेंदूज्वराची लस दिली तर प्रतिसाद कमी येतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवले होते.

इथवर वाचल्यावर मला वाटले, प्रश्न सुटला. आधी गोळी, मग लस. मी डॉक्टर मॅडमना तसे सांगायला गेलो. त्या हसल्या आणि मला दोन गोष्टी वाचायला दिल्या.

पहिली युगांडातली. तिथे एन्टेबे गावी २,५०७ गरोदर स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. काहींना जंतांची औषधे, काहींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. मग त्यांच्या बाळांना बीसीजी, धनुर्वात, गोवर या लसींचा प्रतिसाद एक वर्षानंतर तपासला. फरक आढळला नाही. २०११ साली हे प्रसिद्ध झाले. आईला एकदा गोळी देऊन बाळाची लस सुधारत नाही. दुसरी गोष्ट वेल्लोरची. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी सातशेहून अधिक बाळांवर करून पाहिले. पोलिओच्या डोसाआधी काहींना तीन दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन, म्हणजे पोटातले घातक जिवाणू कमी होतील आणि डोस लागू पडेल. जिवाणू कमी झालेही. डोस मात्र होता तेवढाच लागू पडला.

मला हे वाचून वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. पण एक गोष्ट कळली. एका गोळीने, एका आठवड्यात पोट नीट होत नाही. जो मुलगा जन्मापासून घाणीत रांगतो त्याच्या आतड्याचे अस्तरच सुजलेले, झिजलेले असते. जंत, जिवाणू, विषाणू, वारंवारचे जुलाब, अपुरे अन्न यांचा मिळून तो हिशेब असतो. वेगवेगळी संशोधने एकत्र करून पाहणाऱ्यांनाही असेच दिसले की लस देतेवेळी अंगात मुक्काम ठोकून असलेले जंत जास्त नडतात, थोड्या दिवसांच्या लागणीपेक्षा. चाळीस दिवसांची थकबाकी आणि चौदा वर्षांची थकबाकी यांत फरक असायचाच.

आता पोलिओ. माझा मूळ हिशेब तिथलाच.

तोंडावाटे देण्याची पोलिओ लस ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. तिने आतड्यात रुजून वाढले पाहिजे तरच काम होते. आतड्यात आधीच दुसरे विषाणू ठाण मांडून असतील, मूल जुलाबाने बेजार असेल, तर तिला जागाच मिळत नाही. इथे जंतांपेक्षा या इतर विषाणूंचा दोष मोठा, हे मॅडमनी मला मुद्दाम सांगायला सांगितले आहे. वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन १९७० च्या दशकापासून सांगत होते की परदेशात तीन डोस पुरतात म्हणून आपल्याकडे पुरतील असे धरू नका. तीन डोस पुरे झालेल्या मुलांनाही त्यांनी पोलिओ झालेला पाहिला होता. पुढे अनेक विकसनशील देशांचे अहवाल एकत्र केले तेव्हा असे दिसले की तीन डोसांनंतर १०० मुलांपैकी पहिल्या प्रकारच्या पोलिओसाठी साधारण ७३ आणि तिसऱ्या प्रकारासाठी ७० मुलांतच संरक्षण तयार होते.

म्हणजे शंभरातली पंचवीस-तीस मुले कार्ड पूर्ण असूनही उघडी. हे १९९१ साली छापून आले होते. मी ते २०२१ साली वाचले, रात्री अकराच्या सुमारास, आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर. मामा खरे बोलत होते. त्या मुलाच्या बाबतीत नेमके काय झाले हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण त्यांनी डोस चुकवला होता असे म्हणायला माझ्याकडे तेव्हाही काही आधार नव्हता. आधार एवढाच, की ते शिपाई होते आणि मी साहेब.

देशाने मात्र यातून वाट काढली, ती हकीकत मोठी आहे, थोडक्यात सांगतो. उत्तर प्रदेशात एका डोसाची परिणामकारकता पहिल्या प्रकारच्या पोलिओसाठी सुमारे ९ टक्के निघाली. उरलेल्या बऱ्याच भारतात २१ टक्के. नऊ टक्के! आमच्या बँकेने अशी वसुली दाखवली असती तर शाखा बंद झाली असती. त्यांनी कार्यक्रम बंद केला नाही. एकाच प्रकाराची आणि २०१० पासून दोन प्रकारांची जास्त जोरकस लस आणली. त्या टापूत एकेका मुलाला दहा-दहा, त्याहूनही जास्त डोस दिले. घरोघर, रेल्वेत, वीटभट्ट्यांवर, जत्रेत. आणि उत्तर प्रदेश-बिहारमधले १०७ तालुके निवडून तिथे लसीच्या जोडीला संडास, हात धुणे, स्वच्छ पाणी, जुलाबासाठी ओआरएस आणि झिंक यांवर जोर दिला. देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्याला सापडला, दोन वर्षांची मुलगी. २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. म्हणून माझे बोलणे ऐकून कोणी "मग लसीचा उपयोग काय" असे म्हणू नका. ५६ टक्के म्हणजे निम्म्याहून अधिक बाळांचा सलाईनचा फेरा वाचतो. बीसीजीची गोष्टही तशीच. चेंगलपट्टूला १९६८ पासून फार मोठी चाचणी झाली, तीत मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण जवळपास दिसलेच नाही. तरी लहान बाळांच्या मेंदूच्या क्षयावर ती उपयोगी, म्हणून जन्मतःच देतात आणि द्यावीच. गोवराची, धनुर्वाताची सुई आपल्याकडे उत्तम चालते. जंत आहेत म्हणून लस लांबवणे हा तर शुद्ध वेडेपणा. आणि ज्या मुलाच्या पोटाची अशी परवड झाली आहे, त्याची लस आपल्या नातवंडांपेक्षा आधी झाली पाहिजे.

गेल्या दिवाळीत मी जुन्या कॅशियरकडून नंबर मिळवून चंद्रपूरला फोन केला. मामा २०१३ साली वारले. फोनवर त्यांचा मुलगा होता, तोच. आता बेचाळिशीत आहे, कॅलिपर लावून चालतो, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे दुकान आहे, दोन मुली कॉलेजात. मी कोण ते सांगितले. मग जे सांगायचे होते ते सांगितले, माझ्याच्याने सलग बोलवले नाही. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "साहेब, ते कार्ड आहे जी अजून. बाबानं पेटीत ठेवलं होतं, सातबाऱ्यासोबत. मी विचारलं, बाबा हे कायले ठेवता, तर म्हणत, असू दे, कोणी विचारलं तर."

यावर मी काय बोलावे ते मला सुचले नाही. "तब्येतीला जपा," असे काहीतरी बोलून फोन ठेवला.

आता आपल्या संस्थेकडे येतो आणि हे जरा कटू आहे. पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलल्या, सोलर बसवले, पेव्हर ब्लॉक दोनदा टाकले. पंपरूमशेजारी जिन्याखाली बिल्डरने एक शौचालय बांधून दिले होते, ते २००६ पासून कुलपात आहे. आपल्याकडे तीन पाळ्यांचे वॉचमन, चाळीसेक कामवाल्या ताया, कचरा नेणारे, गाड्या धुणारे. रात्रपाळीचा वॉचमन आणि त्याचे कुटुंब मागच्या पत्र्याच्या खोलीत राहते, त्यांची दोन मुले पार्किंगमध्ये अनवाणी खेळतात. ही सगळी माणसे जातात कुठे? बी विंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर. ज्या ताया संकोचाने जात नाहीत त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. पावसात त्याच प्लॉटवरचे पाणी आपल्या गेटातून आत येते आणि त्यातून आपली नातवंडे होड्या सोडत येतात. ज्या हातांनी आपली कोथिंबीर निवडली जाते त्या हातांना धुवायला आपण नळ दिलेला नाही.

हा विषय वार्षिक सभेत तीनदा आला. २००९, २०१४, २०१९. मी इतिवृत्ते काढून पाहिली. २०१४ ला 'खर्चाची तरतूद नसल्याने पुढील वर्षी विचार व्हावा' असा शेरा आहे. अक्षर माझे आहे. तेव्हा खजिनदार मीच होतो. त्या वर्षी शिल्लक होती, हेही मी ताळेबंदात पाहिले.

मी तीन कोटेशन्स आणली आहेत. एक संडास, एक मोरी, बाहेर वॉश बेसिन, दरवाजाला आतून कडी, साबण आणि आठवड्यातून तीनदा सफाई. सगळ्यांत कमी कोटेशनचा आकडा आपल्या रौप्यमहोत्सवी स्नेहभोजनाच्या बजेटपेक्षा कमी आहे. निम्मी रक्कम मी देतो, पावती मामांच्या नावाने फाडावी. सफाईचा खर्च मात्र मेंटेनन्समधूनच व्हावा, देणगीवर चालवू नये. देणगीदार मरतात, मेंटेनन्स मरत नाही.

एवढे बोलून मी बसलो. नंतरची प्रश्नोत्तरे सचिवांनी टिपून घेतली होती, त्यातली दोन-तीन देतो.

ए विंगमधल्या वहिनींनी विचारले, आपणही सर्वांनी गोळी घ्यावी का? मॅडमनी उत्तर दिले की मुलांची गोळी शाळेत चुकवू नका. राहिली असेल तर आठवड्याभरात पुन्हा एक दिवस असतो. मोठ्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारावे, गरोदर बायकांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. एरंडेलाचे काय, असे एका आजोबांनी विचारले. मॅडम म्हणाल्या, पोट साफ होईल, जंत तिथेच राहतील. सी विंगमधल्या एका तरुण सभासदाने विचारले की संडास उघडला तर बाहेरचे लोक येऊन वापरतील त्याचे काय. मी म्हटले, येतील. त्याच्यावर थोडी चर्चा झाली, आवाज चढले, ते इथे लिहीत नाही.

शेवटी खजिनदारांनी विचारले, जिन्याखालच्या त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे? कोणाकडेच नव्हती. रविवारी सकाळी वॉचमनने आणि मी मिळून कुलूप तोडले. आत रंगाचे अकरा डबे, २०११ सालचे थर्माकोलचे मखर आणि एक जुनी नोटीस बोर्डाची फळी निघाली. भांडे शाबूत आहे. नळाला पाणी येते.